छातीतला पेंढा

मी सील बोलतोय. कृपा करून 'सील मासा' म्हणू नका. मासा हे माझं जेवण होतं. तुम्हाला कोणी 'अहो वरणभात' अशी हाक मारली तर कसं वाटेल?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. मी जिवंत नाही. माझा मेंदू, काळीज, फुफ्फुसं सगळं काढून दक्षिणेच्या समुद्रात फेकून दिलं आणि आत पेंढा भरला. मग ही आठवण साठवली आहे कुठे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही येतो. रोज येतो, आणि उत्तर सापडत नाही. पण डोक्यात पेंढा असूनही आत्मविश्वासाने बोलणारे मी इतके पाहिले आहेत, की त्यात एकाची भर पडल्याने जगाचं काही बिघडेल असं वाटत नाही.

दक्षिण ध्रुवाजवळ समुद्र गोठून त्याचं मैदान होतं. त्या मैदानावर माझा जन्म झाला. आईचं दूध इतकं दाट होतं, की आठवडाभरात मी बाळाचा लोड झालो. मग आईने मला बर्फातल्या भोकापाशी नेलं आणि पाण्यात ढकललं. मी रडलो. इतर पिल्लंही रडत असतील, पण माझं रडणं लांबलं, असं आई इतरांना सांगायची. काळजी करण्याचा माझा स्वभाव तिथून सुरू झाला असावा.

आता बुडी कशी मारतात ते सांगतो. हे नीट ऐका, कारण पुढे याच गोष्टीवरून एक माणूस मरता मरता वाचला.

बुडी मारण्यापूर्वी आम्ही श्वास सोडतो. हो, सोडतो. माणूस छाती भरून घेतो, आम्ही रिकामी करतो. भरलेली छाती वर ओढते. रिकामी निमूटपणे खाली येते. आमचा साठा छातीत नसतोच. तो असतो रक्तात आणि मांसात, म्हणून आमचं मांस इतकं काळपट. खोल गेलं की फुफ्फुसं रिकाम्या पखालीसारखी चपटी होतात. काळजाचे ठोके हळू पडतात, इतके हळू की दोन ठोक्यांच्या मध्ये माझ्यासारख्याला 'पुढचा पडेल ना?' अशी काळजी करायला भरपूर सवड मिळते.

खाली काळोख. डोळे मोठे असले तरी काळोखापुढे त्यांचं काय चालणार? तिथे मिशी कामाला येते. मासा शेपटी हलवून निघून जातो, पण पाण्यात त्याच्या जाण्याची रेघ राहते. ती मिशीला लागते. मग मागे जायचं. कधी मासा वर असतो. वरच्या बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर त्याची काळी सावली दिसते. कधी छोटे मासे बर्फाच्या फटीत लपून बसतात. तिथे नाकातून बुडबुडे सोडायचे. कडी वाजवल्यावर माणसं 'कोण आहे?' करत बाहेर येतात, तसे तेही येतात. मला त्यांची दया यायची. खाऊन झाल्यावर यायची.

पण शिकार ही दुय्यम गोष्ट. खरी विद्या एकच: परत येण्याची वाट राखणं. श्वासाचं भोक सारखं गोठतं. ते दातांनी खरवडून उघडं ठेवावं लागतं. मासा सुटला तरी चालेल, भोक हरवता कामा नये. खरवडून खरवडून आमचे दात झिजतात, आणि दात गेले की भोक जातं, भोक गेलं की आम्ही. म्हातारपणी मी याच विवंचनेत बर्फावर पडून होतो. तेवढ्यात देवमासे मारणाऱ्या जहाजावरचे काही लोक करमणुकीसाठी खाली उतरले आणि त्यांनी माझी विवंचना मिटवली.

त्या जहाजाला तेल पुरवायला एक टँकर येत असे. त्यावरच्या एका इंग्रज इंजिनियरने माझं कातडं मागून घेतलं. पुढे एका बंदरावर त्याने मला पेंढा भरायला दिलं, तेही खोगिरं शिवणाऱ्याकडे. त्या कारागिराने आयुष्यात सील पाहिला नव्हता, पण काम अडू दिलं नाही. हरणाचे काचेचे डोळे होते, ते बसवले. झिजलेले दात उपटून पांढरेशुभ्र लावले. मिशा झडल्या होत्या, तिथे ब्रशाचे केस चिकटवले. शेवटी पेंढा उरला. उरलेला टाकायचा कसा? त्याने तो सगळा माझ्या छातीत कोंबला. तुमच्या भाषेत खोगीरभरती हा शब्द आहे. मी त्याचा चालताबोलता अर्थ आहे. चालता नाही, पण असो.

अशा रीतीने, आयुष्यभर छाती रिकामी करून जगलेला मी छाती फुगवलेला सील झालो.

इंजिनियरसाहेबांना मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि पन्नास सालानंतर कधीतरी मी कुवेतला आलो. अहमदीतल्या एका क्लबात मला कोपऱ्यात उभं केलं. दर आठवड्याला साहेब हातात ग्लास घेऊन माझ्याविषयी भाषण देत. आधी माझं लॅटिन नाव सांगत. ते एकदा सांगितलं की पुढे काय म्हटलं याची कोणी शहानिशा करत नसे.

"ही छाती पाहा," साहेब म्हणत, आणि माझ्या छातीवर चापट मारत. "लोहाराचा भाता! यात तासाभराची हवा मावते. हेच त्याच्या बुडीचं रहस्य!"

पाहुणे माझी छाती वाजवून पाहत. ढप ढप आवाज येई. हवेचा असा आवाज येत नाही, हे त्या सगळ्या पदवीधरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मी आतल्या आत तळमळत होतो. पण खरं सांगायचं तर, इतक्या शिकलेल्या माणसांनी इतक्या वेळा सांगितल्यावर मलाच शंका येऊ लागली. मी खरंच श्वास सोडत होतो ना? की घाबरून सुटत होता?

भाषण मन लावून ऐकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ट्रे घेऊन उभा असलेला झहूर. दाभोळच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, क्लबात बेअरा. त्याने ते भाषण लॅटिनसकट पाठ केलं.

कुवेतच्या उन्हात माझ्या कातड्यात राहिलेलं तेल पाझरू लागलं आणि क्लबभर वास सुटला. साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एक तर हा येईल, नाहीतर मी." साहेब बराच वेळ विचार करत होते असं मला वाटलं. अखेर मी झहूरच्या वाट्याला आलो.

कुवेतात चालणारा आपला रुपया जाऊन दिनार आला त्या साली झहूरने अहमदीजवळच्या फहाहीलच्या बाजारात सरबत आणि बर्फाचं दुकान टाकलं. मला दारात उभं केलं आणि माझं नाव ठेवलं बरफमियां. रिफायनरीतले कोकणी फिटर संध्याकाळी यायचे.

"झहूरभाय, ह्यो मासा की जनावर?"

"पाण्यात मासा, बर्फावर जनावर."

"मंग खावचा की नाय?"

"आधी बायकोला विचार, तिला रांदता येईल काय."

मग हशा, मग सरबत, आणि मग भाषण. साहेब तासाभराची हवा म्हणायचे. झहूरने ती दुपारच्या नमाजापासून असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत वाढवली. "इंग्रजांनी मोजलेलं हाय," तो म्हणायचा, आणि ढप ढप.

दुकानामागच्या खोल्यांत त्याची बायको नूरबानू आणि मुलगी रबिया राहत. नूरबानूला माझा राग होता.

"मेलेल्या जनावराच्या श्वासाची येवढी चौकशी," ती म्हणायची. "घरातल्या जित्या माणसाला कवा विचारलंत, तू श्वास घेतंस काय?"

झहूरच्या बहिणीचा मुलगा यूनुस मीनाच्या धक्क्यावर टँकरचे दोर बांधायच्या कामाला होता. रबियाचं त्याच्याशी ठरलं होतं. निकाहाचे कपडेही शिवून आले होते. यूनुस दुकानात आला की सरबत मागायचा आणि ते प्यायचं विसरायचा.

आता मुख्य गोष्ट. झहूरने मुंबईहून बर्फ तयार करायचं यंत्र मागवलं. उन्हाळा तोंडावर होता. यंत्र लाँचमधून फहाहीलला आलं. होडीत उतरवताना दोर सटकला आणि पेटी समुद्रात गेली. नऊ-दहा वाव, म्हणजे पन्नास-साठ फूट पाणी. वरून पेटी दिसेना, पण जागा माहीत होती. कोणीतरी खाली जाऊन पेटीला साखळी अडकवायची, की वरून ओढता आली असती.

मोत्यांसाठी बुड्या मारणारे जुने कुवेती आता तेल कंपनीत पहारेकरी आणि ड्रायव्हर झाले होते. एकाने झहूरला सांगितलं, "त्या पाण्यात बापाचं आयुष्य गेलं. आता मी फक्त नळाच्या पाण्यात पाय घालतो."

झहूर दोन दिवस बंदरावर माणूस शोधत फिरला. मग त्याची नजर माझ्यावर गेली, आणि माझ्यावरून यूनुसवर.

"खाडीत पोहलेला पोरगा हाय," तो म्हणाला. "आनि बुडीचं शास्त्र आपल्या दारात उभं हाय. यंत्र वर, की दुसऱ्या दिवशी निकाह."

"आनि पोरगा खालीच राहिला तर?" नूरबानूने विचारलं.

"अगो, कसा राहील? छाती भरून गेला की झालं."

रबिया दाराआड होती. ती म्हणाली, "अब्बा, बरफमियांलाच सोडा ना खाली. शास्त्र त्याचं, तर बुडी तुमच्या जावयानं का मारायची?"

"शिकलेल्या माणसांचं बोलणं तुला काय कळतंय," झहूर म्हणाला. मामूला नाही म्हणायचं धैर्य यूनुसमध्ये नव्हतं, आणि रबियाकडे बघितल्यावर उरलंसुरलंही गेलं.

मग माझ्यासमोर त्याची तालीम सुरू झाली. जोरजोरात श्वास घ्यायचे, आणखी घ्यायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत, आणि मग छाती फुगवून बसायचं. "ह्याच्यासारखी! ह्याच्यासारखी!" झहूर मला दाखवत ओरडायचा. पोराचा चेहरा बीटासारखा लाल व्हायचा. मी माझ्या हरणाच्या डोळ्यांनी बघत होतो. मला ओरडायचं होतं: अरे, छातीत पेंढा आहे! हवा नव्हे! पण माझं तोंड खोगीरवाल्याने हसऱ्या आकारात शिवून टाकलं होतं. ज्याने जगाला सावध करावं त्याचंच तोंड हसतमुख शिवलेलं असणं, यापेक्षा मोठी विटंबना मला तरी माहीत नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळे निघाले. होडी बू-राशिद नावाच्या म्हाताऱ्या नोखद्याची, म्हणजे तांडेलाची. त्याची होडी पूर्वी मोत्यांना जायची. झहूरने बरकत म्हणून मलाही होडीत घेतलं. नूरबानू न बोलावता चढली. "निकाहाचे कपडे शिवलेत," ती म्हणाली. "नवरा बुडतो काय ते डोळ्यांनी बघेन."

जागेवर पोचल्यावर नोखद्याने फळीखालून एक जुनी दोरी काढली. मुंबईच्या फेऱ्यांमुळे त्याला हिंदी येत होती. त्याने यूनुसला विचारलं, "तेरा सैब कौन?"

मोत्यांच्या दिवसांत बुडणाऱ्याच्या दोरीचं दुसरं टोक होडीत ज्याच्या हातात असे, त्याला सैब म्हणत. वर ओढून घेणारा तोच. रिवाज असा, की सैब बुडणाऱ्यानेच निवडायचा. तिथे नोखद्याचा हुकूम चालत नसे, बापाचाही नाही. कारण जीव ज्याचा, विश्वासही त्याचाच.

"सैब-बैब नको," झहूर म्हणाला. "सीलाच्या कंबरेला दोरी असते काय? दोरी बांधली की मन वर राहतंय."

यूनुसने मामूकडे बघितलं, श्वासांचा भडिमार केला, छाती फुगवली आणि उडी मारली.

तो बुडेचना! सुक्या नारळासारखा पाण्यावर तरंगत राहिला. डोकं खाली घाली तर पाय वर, पाय खाली घाली तर डोकं वर.

"हवा कमी पडली!" झहूर ओरडला. "आजून भर!"

यूनुस परत होडीत चढला. या वेळी नोखद्याने पायाला बांधायचा दगड काढला. पोरगा पुन्हा जोरजोरात श्वास घेऊ लागला. त्याचे ओठ थरथरत होते. झहूरला वाटलं, भाच्याचा धीर खचतोय. त्याला धीर द्यावा म्हणून त्याने माझ्या छातीवर सणसणीत चापट मारली. "ही बघ! ही अशी छाती पायजे!"

होडीत पाण्याचे सपकारे येऊन माझी शिवण भिजली होती. ती उसवली. गळ्यापासून पोटापर्यंत मी फाटलो आणि काळा, कुजका पेंढा भसाभस यूनुसच्या पायांवर ओतला गेला. त्यातून दोन झुरळं बाहेर पडली आणि उन्हाला घाबरून परत आत गेली.

मग नूरबानू म्हणाली, "ही घ्या तासाभराची हवा."

झहूरचा चेहरा पडला, पण विद्वत्ता सहजी हार मानत नाही. "अगो, पेंढा मागनं भरला! आधी तिथं हवा होती. तिच्या जागेवरच भरला ना!"

यूनुस पायांवरच्या पेंढ्याकडे बघत होता. मग पाण्याकडे. नोखद्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दगडासारख्या आवाजात. "तेरा सैब कौन?"

"मामी," यूनुस म्हणाला.

"मी इथं उभा हाय ना?" झहूर म्हणाला.

"व्हय मामू. पण मामी."

त्या होडीत बाई कधी सैब झाली नसावी. नोखद्याने एकदा नूरबानूच्या हातांकडे बघितलं आणि दोरी तिच्याकडे दिली. दुसरं टोक यूनुसच्या कमरेला. ठरलं ते असं: काम झालं की एक हिसका द्यायचा, की वर ओढायचं.

तो गेला. दगडाने त्याला सरळ खाली नेलं. दोरी नूरबानूच्या बोटांतून सरसरत गेली आणि थांबली. मग ती थोडी थोडी हलू लागली. खाली कोणीतरी काहीतरी करत होतं. नूरबानू दोरीकडे बघत नव्हती. डोळे मिटून होती. ते बघून मला माझी मिशी आठवली. खरी मिशी, ब्रशाची नव्हे.

मग दोरी हलायची थांबली. हिसका आला नाही.

"थांब," झहूर म्हणाला. "काम करतोय तो. आजून वेळ हाय. सील तर—"

"तुमचा सील गेला चुलीत! ओढा!"

तिघांनी ओढलं. यूनुस वर आला तो ओल्या पोत्यासारखा. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. नोखद्याने त्याला पालथा टाकून पाठीत रट्टे घातले. पाणी आलं, मग खोकला, मग एक घरघरता श्वास, की ज्याच्यापुढे माझ्या सगळ्या बर्फाखालच्या बुड्या फिक्या.

"अडकवली," तो म्हणाला. "साखळी."

नूरबानूने त्याच्या थोबाडीत मारली, आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओढणीने पुसत बसली.

झहूर होडीच्या टोकाला खाली बसला. तो पेंढा गोळा करत होता. एक मूठ भरली की दुसरी सांडत होती. मान वर करत नव्हता. पेंढ्यावर थेंब पडत होते. ते समुद्राचे नसावेत. पण मी खात्रीने सांगत नाही. माझे डोळे हरणाचे आहेत.

त्या दिवसापासून एक विचार मला छळतो. इतकी वर्षं मी मनात म्हणत होतो, एकदा मला बोलता येऊ दे, मी सत्य सांगेन. समजा, त्या होडीत माझं तोंड उघडलं असतं. मी काय सांगितलं असतं? 'यूनुस, श्वास सोड आणि मग जा.' माझं सत्य ते. अगदी अनुभवाचं, तपासलेलं. आणि त्याने ते ऐकलं असतं तर पोरगा पहिल्याच बुडीत गेला असता, कारण त्याच्या मांसात साठा नाही. साहेबांच्या चुकीने तो अर्धा मेला. माझ्या बरोबर ज्ञानाने पुरता मेला असता. त्याला वाचवलं ते परत येण्याची वाट राखणाऱ्या एका हाताने. ती विद्या मला येत होती. तीच तेवढी सांगायला मी विसरलो असतो.

यंत्र वर आलं. धक्क्यावरच्या मित्रांनी ते उघडून धुतलं, वाळवलं, दुरुस्त केलं. दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकतं, पण बर्फ देतं. निकाह झाला. नूरबानूने जावयाला पहिला घास भरवला तेव्हा कोणीतरी गमतीने विचारलं, "कुवेतात कोण हाय रे तुझं?" तो म्हणाला, "सैब हाय."

झहूरने शास्त्र सोडलं का? छे! माणूस भाषण सोडत नाही, फक्त विषय बदलतो. आता तो फिटरांना दोरीचं शास्त्र सांगतो. "मी आधीच बोललो होतो, दोरीबिगर उतरू नको," असं म्हणतो. "इंग्रजांनी मोजलेलं हाय." लोक माना डोलावतात. नूरबानू आतून ऐकते आणि भांडी जरा मोठ्याने आपटते.

मला आता दारातून काढलं आहे. यंत्रामागच्या थंड खोलीत, बर्फाच्या लाद्यांच्या बाजूला पडून असतो. शिवण उघडीच आहे. आतला पेंढा गेला, छाती खपाटीला गेली, कातडं बरगड्यांच्या जागी आत ओढलं गेलं आहे. रबिया बर्फ न्यायला येते तेव्हा म्हणते, "काय बरफमियां, बारीक झालात!"

मध्यंतरी झहूर कापूस घेऊन आला होता. माझी छाती पुन्हा भरायची म्हणत होता, पेंढ्यापेक्षा चांगली, मऊ. यूनुसने त्याचा हात धरला. "राहू दे मामू," एवढंच म्हणाला.

माझंही तेवढंच मागणं आहे. मला भरू नका. मरून इतकी वर्षं झाली, इतक्या विद्वानांनी माझ्या फुगलेल्या छातीवर चापट मारली, आणि आज कुठे मी पुन्हा सीलासारखा दिसतोय. आजूबाजूला बर्फ आहे. काळोख आहे. श्वास सोडून झाला आहे.

जाताना दार तेवढं ओढून घ्या. पण कडी लावू नका.